गाडीच्या नाकाला इरलं

नाक तसं प्रत्येक गाडीला असतं, पण बाकीच्या गाड्या ते जाळीमागे किंवा मडगार्डच्या कोपऱ्यात झाकून ठेवतात. आमच्या गाडीचं नाक बॉनेटच्या मधोमध, उघड्यावर आहे. रुंद, पुढे आलेलं, आणि कुणीतरी आत्ताच अपमान केल्यासारखं फुगलेलं. गाडी सुबारू फॉरेस्टर, टर्बो, अडीच लिटरची, सेकंडहँड. खरं तर मला हवी होती त्याच घराण्यातली डब्ल्यूआरएक्स, जी ऑस्ट्रेलियात एकोणीस-वीस वर्षांची मुलं रात्री अकरा वाजता आवाज करत पळवतात. बायकोला हवी होती गणपतीचं मखर, दोन मुलं आणि आठवड्याचा बाजार एका खेपेत आणणारी गाडी. शेवटी तह झाला. खाली संसार, वर नाकपुडी.

आठ महिने सगळं सुरळीत चाललं होतं. मग दिवाळीसाठी चिपळूणहून आई-बाबा आले.

ब्रिस्बेन विमानतळाच्या पार्किंगमध्ये बाबांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. बैल विकत घेताना घालतात तशी. बॉनेटपाशी थांबले आणि त्या भोकात मनगटापर्यंत हात घातला.

"हे काय?"

"बाबा, त्यातून हवा आत जाते."

"आणि पाऊस?"

आठ महिन्यांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता, याची लाज त्या क्षणी वाटली. पण लाज वाटली की सुशिक्षित माणूस जे करतो तेच मी केलं. म्हणालो, "काही होत नाही."

"कशावरून?"

"अहो, कंपनीनं विचार केला असेल ना!"

बाबांचा कंपन्यांच्या विचारशक्तीवर विश्वास नाही. त्याला कारण आहे. आमच्या घरी वीस वर्षं बजाजची स्कूटर होती आणि चिपळूणला वर्षातले चार महिने पाऊस होता. त्या दोघांचा संसार कसा चालला हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. शाळेला उशीर होत असायचा, पागोळ्यांखाली स्कूटर उभी असायची, बाबा किक मारत असायचे. दहा किका झाल्या की स्कूटर डावीकडे आडवी करायची. मग प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसायचा आणि प्लगवर फुंकर मारताना कुलदैवताचं नाव घ्यायचं. पावसानं इंजिन बंद पडतं हा बाबांसाठी अंदाज नव्हता, अनुभव होता.

अनुभव खरा होता, निदान चुकीचं होतं. त्या काळातल्या गाड्या पावसात बंद पडायच्या त्या नाकात पाणी गेलं म्हणून नव्हे, तर वीज घसरली म्हणून. प्लगकडे जाणारी जाड वायर ओली झाली, प्लगच्या टोपीत दमटपणा शिरला, की ठिणगीला तिथूनच बाहेर पळायला वाट मिळायची. ती प्लगपर्यंत पोचायचीच नाही. प्रीमियर पद्मिनीवाले डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून आतून पुसायचे ते याचसाठी. आता प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल रबरी टोपी घालून बसलेली असते. ठिणगीला घराबाहेर पडायची वेळच येत नाही.

पण हे सगळं मला त्या पार्किंगमध्ये सुचलं नाही. मी फक्त म्हणालो, "बसा, उशीर होतोय."

आम्ही राहतो त्या उपनगराचं नाव 'द गॅप'. नावात रिकामी जागा असली तरी आभाळात नाही. २००८च्या नोव्हेंबरातल्या वादळानं इथली छपरं उडवली होती आणि अजून कोणी जुना रहिवासी भेटला की हवापाण्याच्या गप्पा तिथूनच सुरू होतात. ऑक्टोबर ते मार्च हा इथला वादळांचा मोसम. दुपारी तीनला पश्चिमेकडे डी'अग्विलारच्या डोंगरामागे ढग जमतात, चारला आभाळ काळंनिळं होतं, साडेचारला कोसळतं आणि साडेपाचला लोक बार्बेक्यूची शेगडी बाहेर काढतात. कोकणातल्या पावसाला चार महिने मुक्काम करायची सवय. इथला पाऊस वसुली करायला आल्यासारखा येतो आणि निघून जातो.

आई-बाबा येऊन आठवडा झाला होता. मी ऑफिसचं काम घरून करत होतो, मीटिंगमध्ये होतो, आणि बाहेर ढग जमले. खिडकीतून दिसलं ते असं : बाबा गाडीच्या बॉनेटवर गोधडी पसरतायत. आईनं नातवासाठी आणलेली, लुगड्यांची, चौकटी-चौकटीची गोधडी. तिच्यावर निळी ताडपत्री. ताडपत्रीवर माझ्या व्यायामाची दोन डंबेल्स, जी वर्षभरात पहिल्यांदाच कोणीतरी उचलली होती.

मी मीटिंग म्यूट करून बाहेर धावलो, पण उशीर झाला होता. समोरच्या शेजाऱ्यांनी बाबांना पाहिलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ब्रिस्बेनमध्ये गाडीवर पांघरूण घालणारा माणूस वेडा समजला जात नाही. तो जाणकार समजला जातो. २७ नोव्हेंबर २०१४ला या शहरावर अशा काही गारा कोसळल्या की विम्याचे दावे शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेले. हजारो गाड्या चिकूसारख्या चेपल्या. तेव्हापासून आभाळाला जरा हिरवट झाक आली की लोक घरातल्या रजया, गाद्या, मुलांचे झोपायचे तक्के घेऊन गाडीकडे धावतात. त्यामुळे एक वयस्कर, अनुभवी दिसणारा, धोतराचा सोगा खोचलेला माणूस शांतपणे आपल्या गाडीवर गोधडी घालतोय, हे पाहिल्यावर समोरच्या गृहस्थांनी एकदा आभाळाकडे बघितलं आणि आत पळाले. बाहेर आले ते डबल बेडची रजई घेऊन. त्यांना पाहून पलीकडची नर्सबाई योगाच्या मॅट घेऊन आली. पाच मिनिटांत आख्ख्या गल्लीतल्या गाड्या बाळंतिणीसारख्या गुरफटून बसल्या.

गार एकही पडली नाही. दहा मिनिटं पाऊस झाला. सगळ्यांच्या रजया चिंब भिजल्या. बाबा व्हरांड्यात उभे राहून म्हणाले, "चांगली माणसं आहेत हो. सगळ्यांनाच गाडीच्या नाकाची काळजी."

त्या रात्री मी ठरवलं, उद्या या प्रश्नाचा निकाल लावायचा. कारण दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळातल्या लोकांना विचारून झालं होतं आणि त्यातून फक्त एवढंच कळलं होतं की प्रत्येकजण स्वतःच्या धंद्याचं उत्तर देतो. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसात पाणी गेलं तर न्यूमोनिया होतो, इंजिनाचं काय वेगळं?" हिशेबनीस म्हणाले, "विम्याच्या कागदातली बारीक अक्षरं वाच." इलेक्ट्रिक गाडीवाला काहीच बोलला नाही. फक्त हसला. त्याच्या गाडीला नाकच नाही, आणि ते तो कुणाला विसरू देत नाही.

सकाळी बॉनेट उघडलं. बाबा चष्मा लावून वाकले. मी बोट दाखवत गेलो. "हे वरचं भोक. याच्या बरोबर खाली ही ॲल्युमिनियमची जाळीजाळीची पेटी दिसते? हिला इंटरकूलर म्हणतात. टर्बो हवा दाबतो. दाबली की हवा तापते. तापलेली हवा पातळ होते, म्हणून इंजिनात जायच्या आधी ती या पेटीतल्या नळ्यांतून नेऊन थंड करतात. वरच्या भोकातून येणारा वारा या पेटीवर बाहेरून फुंकर घालतो. बस, एवढंच त्याचं काम. तो वारा इंजिनात जातच नाही."

"म्हणजे हे नाक नव्हे?"

"नव्हे."

"मग?"

"बशी. चहा गार करायची. फुंकर बशीला, चहा नळीत."

बाबांना चहाचा दाखला पटतो. "मग श्वास कुठून घेते?"

खरं नाक मी दाखवलं. पुढच्या जाळीच्या मागे, रेडिएटरच्या वरच्या कडेला, काळ्या प्लॅस्टिकची चपटी नळी. तिथून हवा एका डब्यात जाते, डब्यात कागदी फिल्टर, आणि डब्यात थोडं पाणी आलंच तर ते तळाशी राहतं, कारण हवेला वळण घेता येतं आणि थेंबाला घेता येत नाही. हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं म्हणून मी ते दोनदा म्हटलं.

"आणि वरून जो पाऊस येतो?"

"तो या गरम पेटीवर पडतो, चुर्र होतो, वाफ होऊन जातो. उरलेला खाली गळतो. उलट पेटी जास्त गार होते. बाबा, या गाडीची एक थोरली बहीण आहे, डब्ल्यूआरएक्स एसटीआय. तिच्यात कंपनीनंच पाण्याची टाकी बसवलेली असायची. ड्रायव्हरनं बटण दाबलं की या पेटीवर पाण्याचा फवारा. लोक त्याचे जादा पैसे मोजायचे. आपल्याला तेच आभाळातून फुकट मिळतंय, आणि तुम्ही त्यावर गोधडी घालताय."

माझ्या मते हा निर्णायक मुद्दा होता. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पेटीच्या पत्र्यांमध्ये दोन बोटं घातली आणि एक कुजकं जांभळं फूल बाहेर काढलं. मग दुसरं. मग चिमूटभर. जॅकरांडा! ऑक्टोबर-नोव्हेंबरात ब्रिस्बेनच्या रस्त्यांवर जांभळा सडा पडतो, पर्यटक फोटो काढतात, विद्यापीठातली मुलं परीक्षा जवळ आली म्हणून त्याच्याकडे बघून घाबरतात. आमच्या गाडीच्या नाकपुडीत आठ महिन्यांचा सगळा निसर्ग साठला होता : जॅकरांडा, निलगिरीची पानं, एक मेलेला पतंग, आणि कुण्या कोळ्याचं जुनं बिऱ्हाड. फुंकर घालणारी बशी पाचोळ्यानं अर्धी बुजली होती.

"पावसानं काही होत नाही म्हणतोस," बाबा म्हणाले. "पण झाडलोट कुणी करायची?"

त्या दिवसापासून रोज सकाळी चहाच्या आधी बाबा गाडीची नाकपुडी साफ करू लागले. त्यातली ताजी फुलं देवाला वाहायची की नाही यावर आईशी त्यांचा वाद झाला. आईच्या मते गाडीच्या नाकातून काढलेलं फूल उष्टं.

मी मात्र आता पेटलो होतो. निम्मा निकाल लागला होता, पण समजा गाडीनं खरोखरच पाऊस श्वासाबरोबर ओढला, तर? कागद-पेन्सिल घेऊन बसलो. अडीच लिटरचं इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर चाललं तर ते मिनिटाला साधारण तीन घनमीटर हवा ओढतं. धो धो पावसात, म्हणजे तासाला ५० मिलिमीटरच्या सरीत, एक घनमीटर हवेत दोनेक ग्रॅम पाणी थेंबांच्या रूपात असतं. म्हणजे सगळे थेंब गिळले तरी मिनिटाला सहा ग्रॅम. औषधाचा एक चमचा. आणि तो चमचा मिनिटाला पाच हजार घोटांत वाटून.

याहून मजेची गोष्ट पुढे आहे. ब्रिस्बेनच्या, किंवा चिपळूणच्या, घामट संध्याकाळी, एक थेंबही पडत नसताना, त्याच एक घनमीटर हवेत वीसेक ग्रॅम पाणी वाफ होऊन बसलेलं असतं. म्हणजे पाऊस यायच्या आधीपासूनच गाडी पावसाच्या दसपट पाणी पीत असते, आणि त्याबद्दल कुणी गोधडी घालत नाही. वर आणखी, पेट्रोल जळतं तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचं पाणीच होतं. एक लिटर पेट्रोल जाळलं की जवळजवळ एक लिटर पाणी. सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून टपटप पडतं ते हेच. दुसऱ्या महायुद्धात तर लढाऊ विमानांच्या इंजिनांत जोर वाढवायला पाणी आणि मिथेनॉल मुद्दाम सोडत असत. इंजिन पाण्याला भीत नाही. ते पाण्याचा कारखाना आहे.

हे सगळं मी जेवताना मांडलं. मुलगी म्हणाली, "मग आपण गाडीला पाणीच का नाही घालत?" बायको म्हणाली, "आमटी वाढू का?"

समोरच्या रजईवाल्या गृहस्थांशी बाबांची मैत्री त्या भिजलेल्या संध्याकाळीच झाली होती. एकाला इंग्रजी बेताचं, दुसऱ्याला मराठी अजिबात नाही, त्यामुळे भांडण होण्याचा संभवच नव्हता. बाबांनी त्यांचं नाव 'फाल्कनराव' ठेवलं होतं. कारण त्यांच्या घराच्या बाजूला, जिथे छपराखाली बोट उभी होती तिथे नव्हे तर त्याच्या शेजारी उघड्यावर, एक पिवळी फोर्ड फाल्कन उभी होती. १९७१च्या जीटी-एचओ फेज थ्रीची हौसेनं केलेली नक्कल. अस्सल फक्त ३०० झाल्या. त्या वर्षी ॲलन मॉफटनं तीच गाडी घेऊन बाथर्स्टची शर्यत जिंकली, आणि तेव्हापासून या देशातल्या एका पिढीच्या स्वप्नात ती येते. फाल्कनराव सांगू लागले की २०१८ साली लिलावात एकीला दहा लाख डॉलरच्या वर भाव आला, आणि ती एके काळी जेफ थॉमसनची होती.

"कोण थॉमसन? बोलर?" बाबांचे डोळे चमकले. "सत्त्याहत्तर साली इथेच, ब्रिस्बेनला, गावसकरनं एकशे तेरा काढले होते!" मी भाषांतर केलं.

फाल्कनरावांनी बिअरचा घोट घेतला. "हो. आणि आम्ही सोळा धावांनी जिंकलो." मी याचंही भाषांतर केलं, जरा खालच्या आवाजात.

त्या फाल्कनला बॉनेटवर नाक होतं, पण ते बॉनेटला जोडलेलं नव्हतं. बॉनेटला मोठं भोक, आणि त्यातून इंजिनावरचा एअर क्लीनरच थेट डोकं वर काढून उभा. इंजिन सुरू केलं की नाक थडथडायचं, म्हणूनच त्याला 'शेकर' म्हणतात. फाल्कनरावांनी अभिमानानं त्यावरचा ओलाकच्च टॉवेल उचलला. टॉवेलवर वीट होती. टॉवेलखाली नाक, आणि नाकाखाली, काहीतरी दुरुस्ती चालू असल्यामुळे, फिल्टर नव्हता. सरळ कार्ब्युरेटरचा घसा दिसत होता.

बाबा माझ्याकडे वळले. "ही बशी आहे की नाक?"

"नाक," मी म्हणालो.

"आणि ही उभी असते उघड्यावर. रात्रभर."

मला कबूल करावं लागलं. चालत्या गाडीत पाऊस पडला तर इंजिन तो चमचाभर गिळून टाकतं. पण बंद गाडीच्या उघड्या घशात रात्रभर थेंब थेंब पडत राहिला, तर तो जळत नाही, साठतो. ज्या सिलिंडरचं दार उघडं राहिलं असेल त्यात जाऊन बसतो. आणि पिस्टनच्या डोक्यावर उरलेली जागा किती असते? आमच्या गाडीत ऐंशी मिलिलिटरच्या आसपास. एक कटिंग आणि वर घोटभर. एवढं पाणी आत असलं की सकाळी चावी फिरवल्यावर पिस्टन वर येतो, हवा दाबली जाते तसं पाणी दाबलं जात नाही, आणि काहीतरी वाकतं. ते पिस्टनचा दांडा असतो, आणि त्याच्या खर्चानं मालक.

थोडक्यात, बाबांचं इरलं बरोबर होतं. फक्त चुकीच्या गाडीवर होतं. ('इरलं' हा शब्द बाबांचाच. भातलावणीला डोक्यापाठीवर घ्यायचं, बांबू आणि पानांचं. आता चिपळुणात लावणीलाही प्लॅस्टिक घेतात, पण शब्द अजून भिजलेला नाही.)

फाल्कनरावांना पावसाबद्दल वेगळंच काही सांगायचं होतं. १९९२ साली ते बाथर्स्टला होते, माउंट पॅनोरमाच्या डोंगरावर, अंगावर प्लॅस्टिक घेऊन. शर्यत एक हजार किलोमीटरची. शेवटी असा पाऊस आला की गुळगुळीत टायरवरच्या गाड्या साबणाच्या वड्यांसारख्या घसरून एकमेकींवर आदळू लागल्या. पुढे असलेली निसानही आदळली. शर्यत थांबवली. त्या वेळी रस्त्यावर पुढे होता ब्रिस्बेनचा डिक जॉन्सन, फोर्डमध्ये. पण नियमाप्रमाणे निकाल मागच्या फेरीपासून मोजला, आणि विजेती ठरली ती आदळून पडलेली निसान! प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, आणि विजेत्या जिम रिचर्ड्सनं मंचावरून त्यांना जे सुनावलं ते इथे छापता येणार नाही. फाल्कनराव अजून रागात होते.

"म्हणजे पावसाचा नियम," बाबा म्हणाले. आणि त्यांना लगेच आठवलं की त्याच वर्षी मार्चमध्ये सिडनीला दक्षिण आफ्रिकेला फलकावर एका चेंडूत २२ धावा दाखवल्या होत्या. १९९२ साली ऑस्ट्रेलियातल्या पावसाला हिशेब अजिबात जमत नव्हता, यावर दोघांचं एकमत झालं. आणि मला एक गोष्ट कळली : ज्या देशात गाडीच्या नाकावर लोक एवढा जीव टाकतात, तिथे पावसानं गाड्यांचं भलं-बुरं केलं ते नाकातून नव्हे, पायातून.

ही गोष्ट मला कळली होती, असं मी म्हणालो. पुढच्या रविवारपर्यंत ती टिकली नाही.

सॅमफर्डकडे एका मित्राकडे जेवायला निघालो होतो. आदल्या रात्री भरपूर पडला होता. वाटेत एक ओहोळ रस्त्यावरून वाहत होता. तांबूस पाणी, फार नाही. बाजूला खोली मोजायची पांढरी पट्टी, पाणी तिच्या पहिल्या खुणेच्या थोडं वर. मी गाडी हळू केली, पण थांबवली नाही. मनात सगळा हिशेब तयार होता : खरं नाक जाळीमागे, कमरेएवढं, पाणी गुडघ्याच्याही खाली. मी तो हिशेब मोठ्यानं सांगितला सुद्धा.

"थांब," बाबा म्हणाले.

"बाबा, नाकापर्यंत पाणी येत नाही."

"नाकाचं राहू दे रे. पाय टेकतात का ते बघ."

आणि मग ते चिपळूणचं बोलू लागले, २२ जुलै २०२१चं. वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली तेव्हा गच्चीवरून त्यांनी गाड्या जाताना पाहिल्या होत्या. बुडून नव्हे, तरंगून, एकामागे एक, लग्नाच्या वरातीसारख्या. आणि पाणी उतरल्यावर शेजारच्यांनी चिखलातल्या गाडीची चावी फिरवली तो आवाजही त्यांनी ऐकला होता. "एकदाच 'टक्' झालं," बाबा म्हणाले. "परत नाही."

मागून आलेली एक टोयोटा हायलक्स आमच्या बाजूनं पुढे गेली. तिच्या उजव्या खांबाला लागून छपरापर्यंत चढवलेली काळी नळी होती, इथले लोक तिला स्नॉर्कल म्हणतात. हायलक्स सावकाश, फेस उडवत पलीकडे गेली. बाबांनी हात जोडले. "उजव्या सोंडेचा," ते म्हणाले. "त्याचं सोवळं कडक असतं. आपल्याला झेपायचं नाही."

मी गाडी वळवली. घरी येऊन वाचलं, सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जलसंशोधन प्रयोगशाळेनं खऱ्या गाड्या पाण्यात उभ्या करून पाहिल्या होत्या. छोटी यारिस अवघ्या १५ सेंटिमीटर वाहत्या पाण्यात जागची हलली. अडीच टनांची निसान पॅट्रोलसुद्धा ४५ सेंटिमीटरला. इथल्या सरकारची घोषणाच आहे, अर्थ असा की पाणी भरलंय ना, मग तो रस्ता विसर. मी ती दहा वर्षं फलकांवर वाचतो आहे. हायलक्सवाल्यानं बहुधा वाचलेली नव्हती. बाबांना ती वाचता येत नव्हती, आणि पाळली फक्त त्यांनी.

आई या सगळ्यात एक अक्षर बोलली नव्हती. पण ती बसलीही नव्हती. माझं व्याख्यान ऐकायच्या आधीच तिनं निळ्या ताडपत्रीतून आमच्या नाकपुडीच्या मापाचं इरलं बेतलं होतं, कडेनं परकराची नाडी ओवून. ते आता बिनकामाचं होऊन व्हरांड्यात दोरीवर लटकत होतं. रविवारी संध्याकाळी फाल्कनरावांना ते दिसलं.

त्यांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, नाडी ओढून पाहिली आणि बाबांकडे बघितलं. दोघं रस्ता ओलांडून गेले. टॉवेल आणि वीट बाजूला झाली. इरलं शेकरवर चढवलं, नाडी आवळली. जरा ओढाताण झाली, पण बसलं. फाल्कनरावांनी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि विचारलं, याला म्हणतात काय?

"इरलं," बाबा म्हणाले.

"ईर्ला," फाल्कनराव म्हणाले, एखाद्या इटालियन कारखान्याचं नाव घेतल्यासारखं.

आई-बाबा जानेवारीत परत गेले. फेब्रुवारीत फाल्कनराव दार वाजवून आले. त्यांच्या जुन्या गाड्यांच्या मंडळातल्या चौघांना 'ईर्ला' हवं होतं, दोन फोर्ड, एक होल्डन आणि एक अशी गाडी जिचं नाव मला कळलं नाही. माल भारतातून येतो असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी चिपळूणला फोन लावला. बाबांनी आधी पाऊस विचारला, मग नाकपुडी झाडतोस का ते विचारलं, आणि फोन आईकडे दिला.

"चार?" आई म्हणाली. "होतील. पण या वेळी मापं नीट घेऊन पाठवा म्हणावं. मागच्या खेपेला फोर्डच्या नाकाला घट्ट झालं होतं."